शेंडे खुडणारे मोठेबाबा

उभ्या वऱ्हाडात माझ्या मोठेबाबांइतका कोवळ्या शेंड्यांचा वैरी दुसरा झाला नसेल. वडिलांचे हे थोरले भाऊ तिवस्याच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पण हात मात्र पऱ्हाटीवाल्याचा. कपाशीचा शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात, बोंडं वाढतात, हे लहानपणी त्या हातात बसलं ते बसलंच. कुणाच्या अंगणात चहाला बसले की एका हातात बशी आणि दुसरा हात यजमानांच्या शेवंतीवर. अकोल्याच्या एका लग्नात तर त्यांनी मांडवाशेजारच्या कुंड्या पंगतीआधीच उरकल्या. नवरीचा बाप धावत आला, तर त्यालाच धडा! "शेंड्यात संप्रेरक रायते भाऊ, ते खालच्या डोयांले, कोंबांले म्हणा, दाबून ठेवते. शेंडा गेला का डोये फुटते. तुमचं भलंच करून राहिलो ना मी!"

लोक हसत, मीही हसायचो. माझं हसू आटलं ते बांधावरच्या सागांपाशी. ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, जन्मली तेव्हा लावलेले ते साग. शेंड्यातलं संप्रेरक खाली उतरतं म्हणून खोडात लाकूड भरतं, हे फळ्यावर काढून दाखवणाऱ्या या माणसानं त्यांचेही शेंडे दर पावसाळ्यात खुडले. साग झुडपासारखे पसरले. अकोल्यात शेतकी शिकून झाल्यावर ताईला पुढे उत्तरेत वनशास्त्र शिकायचं होतं, तिथे प्रवेशही मिळाला होता. मोठेबाबांनी लग्न ठरवलं. "शेंडा खुडला म्हणून झाड मरत नाई बाई, भरते," म्हणाले. त्या वाक्याची मला अजून चीड येते. लग्नातल्या पलंगासाठी सुतार बांधावर आला, सागांभोवती फिरला आणि म्हणाला, "सर, पलंग तं सोडाच, यातून पाटही निंगत नाई." ताई ते ऐकत उभी होती. मग ती चांदूर रेल्वेला सासरी गेली आणि सासू, दीर, लेकरं अशी चहूबाजूंनी भरली. पुस्तकं माहेरच्या माळ्यावरच राहिली.

परवा माहेरी आली तेव्हा तिनं त्याच बांधावर सागाचं नवं रोप लावलं. मोठेबाबा शेजारी उभे होते. आता ते थकलेत, तरी हात सवयीनं शेंड्याकडे गेलाच.

"खुडा ना बाबा," ताई म्हणाली. "मी तरी तवा काई म्हटलं होतं का?"

हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो हळूच तिच्या डोक्यावर ठेवला. तिचे केस पांढरे होत आलेत, हे त्यांना बहुधा तेव्हाच दिसलं.