चालणारा कप

आईने पस्तीस वर्षं शिवणयंत्रावर काढली. अर्ध्या गल्लीचे गणवेश तिच्या हातून गेले. एखादी बाही अर्धा इंच आखूड वाटलीच तर पोराचा हात वाढला असणार, असा तिचा खाक्या. मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. सहा महिने ती भिंतीकडे तोंड करून बसली, आणि एके सकाळी मुलाला म्हणाली, मला त्या अंधांच्या केंद्रात घाल.

केंद्रात शिकवणाऱ्या बाई जन्मापासून आंधळ्या. स्वयंपाक, कपडे, रस्ता, सगळं एकट्याने कसं निभवायचं हे त्या शिकवत. आईने घरातल्या डब्यांना बटणं चिकटवली. साखरेला दोन भोकांचं, मिठाला चार. पांढरी काठी घेऊन ती नाक्यापर्यंत जाऊन येऊ लागली.

घाईही होती. मुलाची बदली दूरच्या शहरात झालेली, सोमवारी हजर व्हायचं होतं. आई एकटी राहू शकली तर ठीक, नाहीतर घर विकून तिला बरोबर न्यायचं ठरलं होतं. तिला हे घर सोडायचं नव्हतं. अडत होतं ते उकळता चहा ओतण्यापाशी. केंद्रात तो रोज ओट्यावर सांडायचा आणि घरी मात्र थेंबभरही नाही. बाईंना हे काही केल्या कळेना, म्हणून शुक्रवारी त्या स्वतःच घरी आल्या, दाराशी खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, करा चहा.

मुलगा नेहमीसारखा ओट्याशी, आईला चाहूल लागू नये म्हणून अनवाणी, उभा होता. आईने पकडीने पातेलं उचललं. धार डावीकडे घसरली, तसा त्याने कप अलगद डावीकडे सरकवला.

"मावशी," बाई म्हणाल्या, "तुमच्या घरातला कप चालतो का हो?"

मुलाने श्वाससुद्धा रोखून धरला होता. बाई शांतपणे म्हणाल्या की धारेचा आवाज एका जागी हवा, हा आधी उजवीकडून आला आणि मग डावीकडून. दोन धडधाकट कान घेऊन तो रोज तिथेच उभा असायचा, आणि त्याला यातलं काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

आईने पातेलं खाली ठेवलं. "किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून." तिला भाजेल म्हणून, हे त्याच्या तोंडातच राहिलं. ती रागावली असती तर बरं, पण तिने नुसती कपाची कड बोटाने चाचपली. पातेल्याची कड कपाला टेकवून मगच ओतायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. घरी न टेकवताच जमायचं, म्हणून ती सवयच सुटली होती. लेकाने मायेपोटी तिची सगळी मेहनत पाण्यात घातली होती.

बाईंनी त्याला हात खिशात घालून बसायला लावलं.

दुसरा कप सांडला. चार थेंब आईच्या बोटावर उडाले. तो अर्धा उठला आणि ओठ चावून पुन्हा बसला. तिने बोट नळाखाली धरलं, ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला, नव्याने आधण ठेवलं.

या वेळी तिने कड कपाला टेकवली, मान किंचित कलती केली आणि ओतलं. तोही पहिल्यांदाच ऐकू लागला. आवाज आधी खोल होता, मग चढत चढत बारीक होत गेला, आणि एका क्षणी तिने हात थांबवला. चहा काठाच्या बोटभर खाली. दुसऱ्या कपातही तेवढाच, जणू टेपने मोजलेला. जन्मभर पाहिलेल्या या आईपुढे आपण फार लहान आहोत, असं त्याला वाटलं.

बाईंच्या हातात एक कप देऊन ती दुसरा घेऊन त्याच्यापाशी आली. त्याचे हात अजून खिशातच होते.

"काढ आता बाहेर," ती म्हणाली. त्याने कप घेतला. "आणि सोमवारचं तिकीट काढ. एकट्याचं."