चिठ्ठीवरची चूक

लालबागला गेमची मशीनं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मी त्यांना रोज दुपारी डबा पोचवते, पण नाव कधी विचारलं नाही. स्क्रू दातात धरून बोलतात आणि प्रत्येक वाक्याआधी "बघा" म्हणतात.

त्यांचं निम्मं काम ही मशीनं बनवणाऱ्या एका कंपनीकडून येतं. मशीन का बिघडलं ते चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. परवा कंपनीचा माणूस आला.

"ग्राहकाची चूक असं लिहीत जा," तो म्हणाला. "तुम्ही आमच्या मशीनचे जुने चाहतेच तक्रारी करून ते बदनाम करता. म्हणून खपत नाही."

"बघा, आम्ही चाहते म्हणून दुरुस्त करून तरी खेळतो. बाकीचे कधीच दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनकडे गेले. आत एवढासा पंखा बसवून मशीन तापवलं कोणी, आम्ही?"

"मग आमचं काम विसरा."

त्यांनी त्याच्यासमोरच चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कंपनीची चूक'. मला असं तोंडावर कधी बोलता आलं नाही.

तो गेल्यावर त्यांनी दारावरचा कंपनीचा स्टिकर नखाने सोलून काढला. मग त्याच कंपनीचं स्वतःचं जुनं मशीन लावलं आणि खेळायला बसले.