झोपणारी चिप

उद्यमनगरातल्या त्या लहानशा कारखान्यात मी सोल्डरिंगला होते. आता तिथलं काम मशीनवर होतं आणि मी घरी असते. पण कुठून सोल्डरच्या राळेचा धूर आला की ते टेबल आठवतं, चहाचे डाग पडलेलं.

तेव्हा शिरोळच्या पाणीपुरवठा संस्थेसाठी एक पेटी बनवायची होती. नदीकाठच्या विहिरीत पाणी किती चढलं ते बघून तिनं मोबाईलवर मेसेज पाठवायचा. त्या विहिरीवर माझा धाकटा भाऊच ऑपरेटर. मोटरा वेळेत वर ओढल्या नाहीत तर बुडतात, म्हणून कृष्णा फुगली की हा ओल्या पायऱ्या उतरून पाणी बघायचा. एकदा त्याचा पाय निसटला, मोटरेची साखळी हाताला लागली म्हणून वाचला. पुरात वीज बंद असते. पेटी बॅटरीवर सगळा पावसाळा टिकावी, एवढंच माझ्या मनात असायचं.

कारखान्याचे मालक, आमचे सर, यांनी पेटी चालवायला तीन तऱ्हेचे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिपा, आणले. "जागेपणी किती बॅटरी खातो ते सोडा ताई, झोपेत किती खातो ते बघायचं," म्हणायचे. पाणी बघण्यापुरतं चिपनं जागं व्हायचं, बाकी वेळ झोपायचं. आमची नेहमीची चिप झोपेतही बरंच खायची. दुसरी सगळ्यात कमी खायची, पण तिचे सोल्डर करायचे पाय पोटाखाली दडलेले.

"ही हातानं लागेल?" सरांनी विचारलं. "पोटाखाली सोल्डर पोचणार नाही," मी म्हणाले. मग तिसरी ठरली, झोपेत कमी खाणारी आणि पाय बाहेर असलेली.

भाऊ पेटी बघायला आला.

"आक्का, दिवा कुठाय? जित्ती हाय का मेली, कळायचं कसं?"

"पाणी चढलं की मेसेज येईल की," सर म्हणाले.

"ते पुरात. संस्थेचं सभासद आजच इचारत्यात!"

सरांनी लाल दिवा लावून दिला. चाचणीत बॅटरी थोड्याच दिवसांत बसली. सरांनी मीटर लावला आणि कपाळावर हात मारला. चिप झोपलेली, दिवा मात्र रात्रंदिवस जागा.

"आम्ही कमी खाणारी चिप हुडकत बसलो, आणि पावण्यानं दिवा पेटवला!" सर म्हणाले.

पेटी न्यायला आलेला भाऊ ओशाळून हसला. मग दिव्याला बटण बसवलं. दाबलं तरच लागायचा.

त्या पावसाळ्यात नदी चढली. दुपारी भावाचा फोन आला, मागं माणसांचा गलका.

"आक्का, मेसेज आला. मोटरा वर घेतल्या. मी खाली उतरलोच न्हाय."

कारखान्यातले सगळे माझ्याकडे बघत होते.

"जेवलास का?" मी एवढंच विचारलं.