मोबाईल हूं म्हणत न्हाई

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की सीमेपलीकडच्या आळंदकडचं आत्याचं शेत आठवतं. घरातला पहिला पदवीधर मी, तेव्हा गावाकडच्या कहाण्या ऐकवणाऱ्या एका वेबसाइटचा नवा वार्ताहर. पुण्याला बांधकामावर गेलेल्या लेकाला ऐकायला मिळावी म्हणून आत्या माझ्या मोबाईलसमोर कहाणी सांगायला बसली. रेकॉर्डिंग सुरू करून मी शेंगा खायला जमलेल्या बायांना दटावलं, "कुणी मधी बोलायचं न्हाई!" दोन वाक्यांत आत्या थांबली. "कामून थांबलीस?" "हे डबडं हूं म्हणंना की! हूं म्हणल्याबिगर कहाणी होती व्हय रे, शिकलेल्या?" मग सगळ्या बाया हसत हूं म्हणू लागल्या, तेही तसंच वेबसाइटवर गेलं. दुसऱ्या दिवशी लेकाचा फोन आला, "माय, हितली सगळी पोरं हूं म्हणायलेत, दुसरी सांग!" आज कहाण्या रेकॉर्ड करायला माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, तिथं हूं म्हणायला मीच बसतो.