तळ्यातला उंबरा

विनिफ्रेड टॅप्सेलचं उभं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर ती थॉर्नकोट हवेलीच्या बागेत बिनपगारी राबायला लागली. बाग पुन्हा जुन्या दिमाखात उभी करायची होती, माजलेली झुडपं तोडायला माणसं हवी होती, आणि विनीला घरात बसवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गाळ काढायला तळं रिकामं केलं. काठाजवळ जेसीबीचा दात दगडावर खडखडला. विनीने वाकून हाताने चिखल पुसला. पावलांनी झिजून मधोमध खोलगट झालेला उंबरा होता तो. पलीकडे चुलीचा काळाठिक्कर दगड.

म्हणजे आजी सांगायची ते खरं होतं. जुन्या जहागीरदाराला दिवाणखान्याच्या खिडकीतून गाव दिसलेलं खपेना. त्याने घरं पाडली, माणसं टेकडीपलीकडे हाकलली आणि तिथे तळं खोदलं.

बागेचे प्रमुख ऑब्रे फेन बूट सांभाळत आले. "फोटो काढा आणि उचलून टाका. जुन्या नकाशात काठाची रेघ इथूनच जाते."

विनी उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"मिसेस टॅप्सेल, उठा बघू. बाग मुळात होती तशी करायचीय आपल्याला."

"मुळात इथे आमच्या लोकांची चूल होती, साहेब."

"तुमच्याच लोकांची कशावरून?"

"नसेल. शेजाऱ्यांची असेल. शेजाऱ्यांसाठीही बसेन."

फेननी जेसीबीवाल्या कॉलिनला खूण केली. कॉलिनने इंजिन बंद केलं. "हिने मला शाळेत वाढलंय. तुम्हीच चालवा."

"आणि गाजरं टेबलाखाली टाकायचास, तेही सांग की!" विनी म्हणाली.

दुपारी तिचा नवरा रेग थर्मास घेऊन आला. "अगं, गुडघ्यांचं काय? चिखलात बसलीयेस!"

"गुडघे माझे आहेत. चहा ओत."

संध्याकाळपर्यंत अर्धं गाव गमबूट घालून काठावर उभं राहिलं. फेन नरमले. "तबेल्यातल्या प्रदर्शनात काचेत ठेवू. मानाने."

"आमच्या लोकांना एकदा हलवलंत तेवढं पुरे झालं," विनी म्हणाली. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

शेवटी हवेलीच्या विश्वस्तांनी काठाची रेघ वाकवली. उंबरा आणि चूल पाण्याबाहेर, जागच्या जागी राहिली. विनीला मात्र कळवलं, की यापुढे तिच्या मदतीची गरज नाही. ते तिला लागलं.

बाग खुली झाली त्या दिवशी बडे पाहुणे दिवाणखान्याच्या खिडकीशी जमले. विनी बागेतून जाणाऱ्या गावच्या पायवाटेने आली. त्या वाटेवर कायद्याने कोणाला अडवता येत नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि मांडीवर पातेलं घेऊन शेंगा सोलायला लागली.

फेन धावत आले. "अहो, सगळे बघतायत!"

"बघू देत."

"उद्याही येणार आहात का?"

"उद्या रेगलाही आणते. जेवला की घोरतो तो, चालेल ना?"