नरहर कासाराचा हत्ती

दुपारचं जेवण अंगावर आलेलं आहे. अंबादास घोडके ओसरीत बाजेवर आडवा झालाय, डोळ्यांवर ओला पंचा. आत सरूबाई भांडी घासते आहे, आणि भांड्यांचा आवाज हळूहळू लांब चाललाय, कुणी नदीपलीकडे बसून घासत असल्यासारखा. उन्हाळ्यात पैठणला या वेळी कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करतं. झोप येते आहे, अजून आलेली नाही. पाय जड झालेत, कान जागे आहेत.

पायथ्याशी बाज खचते. सुतळी करकरते. कुणीतरी बसलं.

"सरू, गरम होतंय, सरक तिकडं."

"सरू नाही, तुझा बाप आलाय," पायथ्याचा माणूस म्हणतो. "माझा हत्ती कुठाय?"

पंचा काढून बघायची गरजच नाही. हा आवाज अंबादासने अर्धं आयुष्य ऐकला आणि शेवटची काही वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नरहर कासार. बांगड्यांच्या दुकानाचा मालक, चिडका, नाकावर चष्मा आणि जिभेवर निखारा. दिवाळीच्या आधी वारला. अंबादास स्मशानात गेला होता. पाणी पाजायला पुढे झाला नाही, मागे लिंबाखाली उभा राहिला, पण गेला होता.

"तू मेलास, नरहर."

"मेलो तो मी. हत्ती कुठं मेला होता? विचारलं त्याचं उत्तर दे."

हा हत्ती म्हणजे शिशाचं एक नाणं. बोटाच्या पेराएवढं, काळपट, वेडंवाकडं. त्यावर सोंड वर केलेला हत्ती. सातवाहनांच्या काळातलं. पैठणच्या नाणेवेड्या माणसांत त्यासारखं दुसरं कुणाकडे नाही. पूर ओसरला की ही मंडळी फावडी आणि चाळण्या घेऊन नदीकाठी जायची, एकाने वाळू ओढायची, दुसऱ्याने चाळायची. नियम साधा. चाळणीत सापडेल ते चाळणीवाल्याचं. पण चाळणीवाल्याने एकदा फेकलं, की उचलेल त्याचं. त्या दिवशी चाळणी अंबादासच्या हातात होती. तळाशी शिशाचा तुकडा राहिला. कोळ्यांच्या जाळ्याला लावतात तसलं वजन असेल, असं समजून त्याने तो ढिगावर भिरकावला. नरहरने उचलला, थुंकी लावून अंगठ्याने चोळला, आणि चिखलातून सोंड वर आली.

त्या दिवसापासून या मंडळींच्या रविवारच्या बैठकीत अंबादासचं नाव पडलं 'जाळंवाला'. ठेवणारा नरहरच. पुढे एका रविवारी अंबादासने चहाचा कप त्याच्या अंगावर फेकला आणि दोघांचं बोलणं संपलं.

अंबादास पंचा काढतो. ओसरी नाही. बाज वाळूत उभी आहे, चारी पाय रुतलेले. नदी इतकी खाली गेलीय की तळातले दगड माणसांच्या गुडघ्यांसारखे वर आलेत. समोर नरहर, धोतर खोचलेला, हातात फावडं. तोंडाला काहीतरी पांढरं लागलंय, गिरणीतून आल्यासारखं.

"चाळ," तो म्हणतो.

अंबादासच्या हातात चाळणी आहे. कधी आली, कळत नाही. "मी तुझा गडी आहे का?"

"गडी असतास तर बरं होतं. गड्याला दिसतं तरी हातात काय आहे ते."

"एकदा चुकलो. एकदा! आणि तू ते गावभर केलंस. माझ्या सोयऱ्यांच्या लग्नात तू वाढप्याला सांगितलंस, याला शिरा वाढू नको, हा वजन समजून फेकून देईल."

"हसले की सगळे."

"म्हणूनच सांगतो, हत्ती माझा. माझ्या चाळणीतला. तुझ्या सुनेने डब्यासकट आणून दिला तो. 'काका, तुम्ही दोघं यासाठी भांडलात, आता तुम्हीच सांभाळा' म्हणाली. तिला तुझ्यापेक्षा अक्कल आहे."

"सांभाळा म्हणाली," नरहर फावडं वाळूत मारतो. "सांभाळा. ऐकू आलं ना?"

"सांभाळतोच आहे! तुझ्यासारखा बिस्किटाच्या डब्यात नाही कोंबला. सागवानी पेटी केलीय. सुताराकडून खास. आतून निळी मखमल चिकटवलीय, प्रत्येक नाण्याला वेगळा खळगा, वरून पॉलिश. कुलूप लावून ठेवलीय. नाण्यांच्या प्रदर्शनात उघडणार, तोवर कुणाला दाखवणार नाही. येऊ दे मंडळी, बघू दे जाळंवाल्याची ठेव."

नरहर फावड्यावर रेलतो. तो खोकतो. खोकल्याबरोबर तोंडातून पांढरी धूळ उडते आणि वाळूवर बसते. अंबादास चाळणी हलवतो, कारण हात आपोआप हलताहेत. वाळू सगळी खाली जाते. चाळणीच्या तळाशी काही उरत नाही.

"बघ," नरहर म्हणतो. "आता काय फेकशील?"

"काय फेकायचं! तू—"

टण्. घंटी वाजते.

एसटी धावते आहे. अंबादासच्या खांद्याला चामड्याची थैली, हातात तिकिटांची पेटी, अंगावर खाकी, जशी निवृत्तीच्या दिवशी उतरवली होती तशीच. खिडक्यांबाहेर रस्ता नाही, पाणी आहे, आणि गाडी पाण्यावरून खडखडत चालली आहे. सगळ्या बाकांवर बायका बसल्यात. कुणी त्याच्याकडे बघत नाही. सगळ्यांचे हात मांडीवर, मनगटं मोकळी.

शेवटच्या बाकावर नरहर. आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात.

"तिकीट," अंबादास म्हणतो, कारण गाडीत दुसरं काय म्हणणार.

"एक माझं, एक हत्तीचं. हत्तीला अर्धं लागतं का पूर्ण?"

"उतर खाली."

"पाण्यात?"

"कुठंही! ड्रायव्हरला सांगून गाडी थांबवतो. तुला काय वाटलं, मरून आलास म्हणून मी घाबरेन? जिवंतपणी तुला घाबरलो नाही."

"जिवंतपणी घाबरत होतास," नरहर शांतपणे म्हणतो. "मी बैठकीत येण्याआधी पिशवी उघडायचा नाहीस. मी गेलो की तुझी नाणी बाहेर यायची. मला नंतर कळायचं."

अंबादासला कानशिलं तापलेली जाणवतात. तो दोरी ओढतो. घंटी वाजत नाही. पुन्हा ओढतो. दोरीच हातात येते.

"थैलीत हात घाल," नरहर म्हणतो.

"का?"

"घाल म्हणतो तर घाल. एवढ्या वर्षांत माझं एक तरी ऐकलंस का?"

अंबादास हात घालतो. आत चिल्लर नाही. आत पीठ आहे. मऊ, गार, कोपरापर्यंत पीठ. तो मूठभर काढतो. बोटांतून पीठ गळून जातं आणि तळहातावर काहीतरी वाकडं उरतं. सोंड. नुसती सोंड, वर केलेली, मागे हत्ती नाही.

"हे काय?"

"तुझी सागवानी पेटी."

"काय बोलतोस?"

"शिसं लाकडात ठेवतात का रे, गाढवा?" नरहर ओरडतो, आणि एकाही बाईची मान वळत नाही. "नवं लाकूड, वर सरस, वर पॉलिश, आणि वरून कुलूप! आत वारा नाही. त्या लाकडाची आंबट वाफ शिसं खाते. आधी कडेला पांढरं येतं, मग पापुद्रे सुटतात, मग भुकटी. माझी पहिली पाच-सहा अशीच गेली, बांगड्यांच्या लाकडी खोक्यात ठेवली होती म्हणून. म्हणून तो पत्र्याचा डबा. त्याला तू हसायचास!"

अंबादास तळहाताकडे बघतो. मग त्याला एकदम उमगतं, आणि जे उमगतं त्याचा त्याला रागच येतो.

"अस्सं. आता कळलं. मी घाबरून पेटी उघडावी, डबा शोधावा, नाणी परत तुझ्या सुनेकडे न्यावीत, म्हणून हे सोंग. मेल्यावरही हत्ती माझ्या घरी बघवत नाही तुला."

"नाही बघवत. पण भुकटी झालेला तर मुळीच बघवणार नाही."

"खरं असेल तर जिवंतपणी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?"

"आपण बोलत होतो का?"

"तू चहा फेकलास."

"तू जाळंवाला म्हणालास!"

"मग? फेकलं कुणी, मी? मी तुला पन्नास वेळा सांगणार होतो. चहाच्या दुकानात तू दिसलास की थांबायचोसुद्धा. तू तोंड फिरवून दुसरीकडे बघायचास, तिथं बघायला काय होतं, भिंत! म्हटलं मरू दे. आपल्याकडे एक तरी नाणं तुझ्या नाण्यांपेक्षा जास्त टिकेल. कुठं ठाऊक होतं, सूनबाई सगळा डबाच तुझ्या मांडीवर ठेवणार."

गाडी थांबते. दार उघडतं आणि दारातून सरळ दुकानात उतरावं लागतं. नरहरचं दुकान. भिंतभर काच, हिरवी, लाल, चिंतामणी रंगाची. गादीवर नरहर बसलाय. चेहरा आता पूर्ण पांढरा आहे. डोळे तेवढे काळे.

"बैस. हात दे."

"कशाला?"

"तोंडानं सांगून तुझ्या डोक्यात जात नाही. हातानं सांगतो. आयुष्यभर तोच धंदा केलाय."

अंबादास मागे सरतो, पण मागे दार नाही, बायका आहेत, दाटीवाटीने उभ्या, त्यांच्या पाठी भिंतीसारख्या. नरहर त्याचा उजवा हात पकडतो. कासाराची पकड. अंगठा तळहाताच्या आत दुमडतो, बोटं जुळवतो, सांधे एकमेकांवर चढवतो, हात मुळ्यासारखा निमुळता करतो. बाईमाणसाला हे हळू करतात, गप्पा मारत, तेल लावून. नरहर तेल लावत नाही.

"सोड! बांगड्या भरतोस मला? मला?"

"तुलाच. कुलूप लावून बसलास ना घरात, हत्तीला घेऊन? मग भर."

हिरवी बांगडी बोटांवरून येते, सांध्यावर अडते. नरहर दाबतो. अंबादासला आपल्या हाडांचा आवाज ऐकू येतो.

"नरहर, तुटेल!"

"काय तुटेल? बांगडी का हाड?"

"सोड म्हणतो!"

"पेटी उघडणार का?"

"तू सांगतोस म्हणून नाही उघडणार!"

"मग नको उघडूस," नरहर त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणतो. त्याच्या ओठांची कड सुटते आहे, पापुद्र्यासारखी. "त्याची सोंड वर आहे, अंबादास. पाणी मागतोय असं मला वाटायचं. तुला काय वाटायचं?"

अंबादासला सांगायचं असतं की त्याला कधी नीट बघायलाच मिळालं नाही. आधी त्याने फेकला म्हणून, मग नरहरच्या खिशात गेला म्हणून, आणि शेवटी घरात आला तेव्हा त्याने कुलूप लावलं म्हणून. पण तोंडात धूळ भरली आहे. नरहर सगळं अंग टाकून दाबतो आणि बांगडी सांध्यावरून आत सरकते.

तो ओरडून उठतो.

ओसरी. बाज. पंचा खाली पडलाय आणि ऊन पायांवर आलंय. आत भांडी घासून झालीत, सरूबाई तांदूळ निवडताना काहीतरी पुटपुटते आहे. अंबादास पंचा उचलून तोंड पुसतो. स्वतःशीच म्हणतो, जेवण जास्त झालं. म्हणतो, उगाच. मग उठून आतल्या खोलीत जातो, ट्रंकेवरची पेटी उतरवतो, करदोट्याची किल्ली सोडवतो आणि डाव्या हाताने कुलूप उघडतो. उजव्याने का नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही.

झाकण वर होताच नाकात आंबट वास शिरतो, नासलेल्या ताकासारखा. निळ्या मखमलीवर पांढरं पसरलंय, कुणी रांगोळी सांडावी तसं. कडेच्या दोन खळग्यांत नाणी नाहीतच, भुकटी आहे. मधल्या खळग्यात हत्ती. मागचे दोन्ही पाय आणि शेपूट गेलंय. पोटाला पापुद्रा सुटलाय. सोंड अजून वर आहे.

तो उचलायला जातो. उजव्या हाताचा अंगठा वळत नाही.

"सरू! ए सरू! ताट आण. स्टीलचं. कोरडं. आणि पळत ये!"

"काय झालं? साप निघाला का?"

"ये म्हणतो ना! माझ्या बोटांत धरवत नाही. ही नाणी एकेक करून ताटात घे. हळू. श्वाससुद्धा हळू घे. या लाकडात आता एकही ठेवायचं नाही. उद्या सकाळी नरहरच्या घरी जायचंय, त्याच्या सुनेला सगळं सांगायचंय."

सरूबाई वाकते, हलक्या हाताने एकेक नाणं उचलते. हत्ती सगळ्यात शेवटी. तो ताटात ठेवताना तिची नजर नवऱ्याच्या हाताकडे जाते आणि ती तशीच थांबते.

"अहो, हे काय?" ती त्याचा उजवा हात उजेडात धरते. सांधे सुजलेत, आणि बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत कातडी सगळीकडून सारखी सोललेली आहे, गोल. "माझ्या लग्नात चुडा भरला होता ना, लहान मापाचा, तेव्हा माझा हात असाच झाला होता. हुबेहूब. कुणी भरली तुम्हाला बांगडी?"

अंबादास हात सोडवून घेतो. ताटातल्या हत्तीवर फुंकर न घालता, तोंड बाजूला वळवून तो रिकाम्या ओसरीकडे बघतो.

"मेल्या," तो म्हणतो, "तेल लावायला काय झालं होतं?"