ज्येष्ठेच्या पावलांची लय

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर चुका शोधत वाचते. कुणी लिहितं, घड्याळ आपोआप बंद पडलं... मी म्हणते, सेल संपला असेल. देवासला एका शाळेत गणित शिकवते. नजर लागणं, अंगात येणं, गेलेली माणसं स्वप्नात येऊन निरोप देणं — यातलं काहीही मला कधी पटलेलं नाही, आजही पटत नाही. पण एक गोष्ट माझ्याच कॉम्प्युटरवर, भर दुपारी, माझ्याच हातून झाली. जितकी तपासता आली तितकी तपासली. उत्तर मिळालं नाही, म्हणून जशी झाली तशी लिहिते.

माझं सासर धारचं. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मोठ्या सुनेनं ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन पुढे चालायचं, धाकटीनं कनिष्ठेचा घेऊन तिच्या मागे. दारापासून मखरापर्यंत रांगोळीची पावलं काढलेली असतात. एक पाऊल पडलं की सासूबाई थाळीवर चमच्याचा एक ठोका देतात. पाऊल थांबलं तर ठोकाही थांबतो. इतर घरी नुसतीच थाळी वाजवतात, आमच्याकडे मात्र हा नियम आहे.

लग्न झाल्यापासून मी कनिष्ठा घेऊन मागे चालत आले. पुढे माझ्या मोठ्या जाऊबाई, नलिनीताई. त्यांची पाठ मला तोंडपाठ आहे, म्हटलं तरी चालेल. ताईंचा आवाज गोड, हात सढळ, बोलणं असं की दूधवालाही दोन मिनिटं जास्त थांबायचा. आमच्या घरात कुठलीही चांगली गोष्ट ‘नलूसारखी’ असायची. पुरण नलूसारखं, रांगोळी नलूसारखी. माझ्याबद्दल म्हणायचे, “सुधा हिशोबाची पक्की आहे हो.” हे कौतुक आहे, हे मला कळायचं. पण घरात पाहुण्यांसमोर एकीला गायला सांगावं आणि दुसरीला पत्रावळी मोजायला, तेव्हा दुसरीला काय वाटतं ते मोजून सांगता येत नाही. मला ताईंचा हेवा वाटायचा. त्या वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर, गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्या पुन्हा बसल्या, आणि ज्येष्ठा माझ्या हातात आली. कनिष्ठा घेऊन मागे माझी चुलत जाऊ होती.

ताईंची मुलगी रेवा इंदूरला फिल्मचं शिकते. तिला कोर्ससाठी छोटी फिल्म करायची होती, ती तिनं आमच्या महालक्ष्म्यांवर करायची ठरवली. कॅमेरा कुणाचा तरी मागून आणला. आवाजासाठी वेगळं रेकॉर्डर होतं, छानशा चामड्याच्या पिशवीत. सासूबाईंनी पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, चामडं आत नको, सोवळं आहे. रेवानं गुणी मुलीसारखी अख्खी पिशवीच बाहेर स्कूटीवर ठेवली... रेकॉर्डरसकट. रेकॉर्डर त्या पिशवीतच राहिलं हे तिच्या लक्षात आलं, तोवर महालक्ष्म्या मखरात बसलेल्या. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज तिनं बंद करून ठेवला होता. म्हणजे चित्र सगळं होतं, आवाज अजिबात नाही.

ती रडकुंडीला आली. मी म्हटलं, रडू नकोस, आवाज मी करून देते.

हे मी पोकळ बोलले नव्हते. लॉकडाउनमध्ये वेळ होता तेव्हा मी म्युझिक सॉफ्टवेअर शिकले, आणि नंतर ओळखीतल्या दोन-चार छोट्या फिल्मना पार्श्वसंगीत दिलं. स्वरांचं मला बेताचंच कळतं. लय कळते, कारण लय म्हणजे हिशोब. मिनिटाला साठ मात्रा असल्या की सेकंदाला एक मात्रा पडते, बहात्तर केल्या की मात्रा जवळ येतात. चित्रात जिथे काही घडतं — दार उघडतं, कुणी मान वळवतं — तिथे खूण करायची. मग दोन खुणांमधली लय इतकी हळूच कमी-जास्त करायची की मात्रा बरोबर खुणेवर पडावी आणि ऐकणाऱ्याला बदल जाणवू नये. या बदलांची पडद्यावर एक रेघ दिसते, चढणारी-उतरणारी. तिला टेम्पो मॅप म्हणतात. मला ती रेघ आवडते. त्यात ‘नलूसारखं’ असं काही नसतं.

शिवाय या वेळी पडद्यावर मी पुढे होते. खाली आवाजही माझा असणार होता. एवढी एक गोष्ट पूर्ण माझी होईल, असं वाटलं.

माझ्या प्रत्येक पावलावर मी खूण करत गेले. रेघ जवळजवळ सरळ यायला हवी होती, कारण रांगोळीची पावलं मीच वितीनं मोजून, समान अंतरावर काढली होती. सुरुवातीला आलीही. आणि मग हॉलच्या मध्यावर रेघ एकदम खड्ड्यात गेली.

चित्र पाहिलं. मी थांबले होते. समोर कुणी नाही, काही नाही, रिकामी फरशी आणि रांगोळी. मी मान खाली घालून फरशीकडे पाहतेय, आणि हसतेय. मग पुन्हा चालायला लागतेय.

मला थांबल्याचं अजिबात आठवत नव्हतं. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “थांबलीस ना. मग मीही हात थांबवला. मला वाटलं, निरी पायात आली असेल.” निरी पायात आलेली बाई हसत नाही. पण मी तो विषय सोडला. फक्त रेवाला म्हटलं की ते मधलं थांबणं कापून टाक, लय बिघडतेय.

“काकू, नहीं यार,” ती म्हणाली. “अख्ख्या शॉटमधे तू फक्त तिथेच हसतेयस. बाकी सगळीकडे पेपर तपासल्यासारखा चेहरा आहे.”

म्हणून मी खड्ड्यासकट लय बसवली. तानपुरा, हलकीशी पेटी, आणि घरच्याच थाळीचा रेकॉर्ड केलेला ठोका, प्रत्येक पावलावर एक. रेवानं ऐकलं. एकदम परफेक्ट आहे, म्हणाली. मी खूश झाले. पण तिचं वाक्य संपलेलं नव्हतं.

दादांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, जुन्या मोबाइलच्या कार्डात तिला एक रेकॉर्डिंग सापडलं होतं. महालक्ष्म्या आत आणतानाचं. ती रांगायला लागली होती त्या वर्षीचं. थाळीचे ठोके, आणि मधे एकदा ताईंचा आवाज. ताईंचं बोलणं असं दुसरं कुठेच राहिलेलं नव्हतं. गाण्याच्या एक-दोन कॅसेट होत्या, पण बोलणं हे एवढंच.

“हे लावता येईल का गं? तुझ्या म्युझिकच्या ऐवजी?”

ऐवजी. मी शांतपणे समजावून सांगितलं की ते बसणार नाही. घर वेगळं. तेव्हा मुंज तलावाजवळ भाड्याच्या घरात होतो, तीन खोल्या ओलांडून मखर यायचं. आताचं घर नालछ्याच्या रस्त्याला, नुसता एक हॉल. चालणारी बाई वेगळी. कुणाची पावलं कुणाला बसत नाहीत. आणि ताणून बसवलं तर आईचा आवाज बिघडेल, तो तुला चालेल का?

“लगाके तो देख ना काकू. एक बार.”

मी लावलं. ते बसत नाही, हे तिला पुराव्यानिशी दाखवता यावं म्हणून लावलं — हेही लिहून टाकते, कारण पुढचं त्याशिवाय नीट कळणार नाही. रविवारची दुपार होती. आमचे हे शेजारी बसून मटार सोलत होते. माझे सगळे ट्रॅक बंद केले, लय एका सरळ रेघेवर आणली, आणि रेकॉर्डिंगचा पहिला ठोका चित्रातल्या माझ्या पहिल्या पावलावर ठेवला. बस, इतकंच केलं.

दुसरा ठोका दुसऱ्या पावलावर पडला. तिसरा तिसऱ्यावर. मी वाट पाहत होते, आता सुटेल, आता सुटेल... हॉलच्या मध्यावर ठोके थांबले. चित्रात मी थांबले. मी मान खाली घातली, आणि ताईंचा आवाज आला — “अगं बाई! ये, तू पण ये.”

मी हसले. म्हणजे चित्रातली मी.

मग ठोके पुन्हा सुरू झाले, माझी पावलं पुन्हा सुरू झाली, आणि मखरापाशी दोन्ही एकदमच थांबली.

ह्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. मी तपासायला लागले. या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, आवाज आपोआप ताणून लयीत बसवण्याची. पहिला संशय तिच्यावर. ती बंदच होती. रेकॉर्डिंगची लांबी मूळ फाइलशी ताडून पाहिली, तेवढीच. तरी समाधान होईना, म्हणून कॉम्प्युटर बाजूला ठेवून चित्र टीव्हीवर लावलं, रेकॉर्डिंग मोबाइलवर, आणि पहिल्या पावलाला ह्यांना बटण दाबायला सांगितलं. हाताचा थोडा उशीर धरूनही सगळं तसंच. थांबणंही तिथेच.

“थाळी वाजवणारी आई तीच,” हे म्हणाले, “म्हणून लय तीच.”

मी म्हटलं, आई पावलं बघून वाजवतात, पावलं आईंना बघून पडत नाहीत. आणि थांबण्याचं काय?

त्यांनी मटारची एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाले, “वहिनीचं सगळंच बेतशीर असायचं.”

पावलं माझी होती. पडद्यावर मी होते. आणि बेतशीर वहिनी.

त्या रेकॉर्डिंगमधल्या थांबण्याची हकिकत सासूबाईंना आठवत होती. रेवा रांगत रांगत रांगोळीवर येऊन बसली होती. तिला कुणी उचलेपर्यंत नलू थांबली, तिच्याशी बोलली, मग पुढे गेली. असं त्या एकाच वर्षी झालं. आणि त्या एकाच वर्षी मी धारला नव्हते. माझ्या मुलाच्या, निखिलच्या वेळचा सातवा महिना होता, डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला होता. बाकी सगळी वर्षं मी ताईंच्या मागे चालले, तेव्हा त्यांची चाल माझ्या पायात उतरली असेल, हे मी मानायला तयार आहे. पण जे मी पाहिलंच नाही, ऐकलंच नाही, ते कुठून उतरलं? रेकॉर्डिंग सापडलं तेच महालक्ष्म्यांच्या नंतर. आणि तीन खोल्यांची वाट एका हॉलच्या वाटेइतक्याच पावलांत कशी संपली? रांगोळीची पावलं मी दर वेळेपेक्षा जवळजवळ काढली होती, हे चित्रात दिसतं. का काढली, मला माहीत नाही.

संध्याकाळी रेवाचा फोन आला. आवाजावरूनच कळत होतं, तिनं ‘नाही’ ऐकायची तयारी केली होती.

“काकू, बैठा क्या?”

मी नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? लयीच्या बाबतीत ती माझाच शब्द खरा मानायची, स्वतः लावून पाहिलं नसतं, आणि ह्यांनी तोंड उघडलं नसतं. माझी तानपुरा-पेटी जागेवर राहिली असती. दोन क्षण मी खरंच गप्प राहिले. ती तिकडे वाट पाहत होती.

“बसलं,” मी म्हटलं. “तसंच्या तसं बसलं.”

फिल्म धारला घरी सगळ्यांनी मिळून पाहिली. “ये, तू पण ये” आलं तेव्हा दादा उठून गॅलरीत गेले. सासूबाईंनी माझा हात धरला आणि फिल्म संपेपर्यंत सोडला नाही. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, “किती जिवानं बसवलंस गं. हे तुलाच जमणार.” इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी सांगितलं की मी काहीच केलेलं नाही, लयीची रेघ सरळ आहे, हवं तर दाखवते. सगळे हसले. चुलत दीर इंदुरी थाटात म्हणाले, “देखो भिया, कौतुकाचा पण हिशोब मागतेय.” शेवटी मी बोलायची थांबले.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मात्र ‘योगायोग’ असं नुसतं लिहू नका, ते मीही लिहू शकले असते. ती फाइल मी अजून ठेवली आहे. कधीकधी दुपारी तो मधला तुकडा लावते. ताईंचे ते शब्द रेवासाठी होते, माझा त्यांवर हक्क नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण चित्रावर लावले की त्या ते माझ्याकडे पाहूनच म्हणताहेत असं वाटतं. आणि मुखवटा हातात धरलेली ती बाई, जिचा चेहरा माझा आहे, ते ऐकते आणि हसते.

ताईंचा हेवा आता वाटत नाही. वाटतो तो त्या बाईचा. तिनं तेव्हाच ऐकलं होतं. मी तिथेच होते, आणि मला ऐकू आलं नाही.